चौकटी कंसातला माणूस

आंतरराष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान धोरण या विद्याशाखेची सर्वमान्य व्याख्या अद्याप झालेली नसली, तरी तिच्यात काम करणाऱ्या माणसाची एक खूण सगळीकडे सारखीच आढळते, आणि ती म्हणजे आपण नेमके काय करतो हे त्याला स्वतःच्या घरात कधीही सांगता येत नाही. ही अडचण जिनिव्हात, व्हिएन्नात किंवा दिल्लीत फारशी जाणवत नाही, कारण तिथे भेटणारा दुसरा माणूसही त्याच धंद्यातला असल्याने दोघेही एकमेकांना विचारायचे टाळतात. परंतु पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील कळस या गावी, जिथे प्रश्न विचारण्यास पूर्वसूचना लागत नाही आणि उत्तर पटेपर्यंत प्रश्नकर्ता जागचा हलत नाही, तिथे ती उग्र रूप धारण करते. प्रस्तुत लेखात 'कळसचा संशोधक' असा जो उल्लेख येईल तो कोणा एका इसमाचा नसून एका नमुन्याचा समजावा. 'नमुना' हा शब्द दोन्ही अर्थांनी घेण्यास हरकत नाही.

व्याख्येचा प्रयत्न कोणी केलाच नाही असे मात्र नव्हे. लंडनची रॉयल सोसायटी आणि विज्ञानाच्या प्रगतीसाठी स्थापन झालेली अमेरिकन संघटना या दोघींनी २०१० मध्ये काढलेल्या अहवालात 'विज्ञान-राजनय', म्हणजे राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात विज्ञानाचा होणारा वापर, याचे तीन प्रकार सांगितले आहेत : राजनयातील विज्ञान, विज्ञानासाठी राजनय आणि राजनयासाठी विज्ञान. पहिल्यात शास्त्रज्ञ मुत्सद्द्यांना माहिती पुरवतात, दुसऱ्यात मुत्सद्दी शास्त्रज्ञांना परवानग्या आणि पैसा मिळवून देतात, आणि तिसऱ्यात दोन देशांचे बोलणे बंद असताना त्यांचे शास्त्रज्ञ तेवढे बोलत राहतात. हे वर्गीकरण गावच्या पारावर सविस्तर समजावून सांगितले असता एका वयोवृद्ध नानांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजी शेतातला बैल, बैलासाठी शेत आन् शेतासाठी बैल. झ्याक हाय. पर नांगरतंय कोण?" या शाखेच्या साठ वर्षांच्या वाङ्मयात या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळत नाही.

कळसच्या संशोधकाचे दुर्दैव असे की त्याच्या गावापासून जवळच वालचंदनगर आहे. वालचंद हिराचंद यांनी उसाच्या आणि साखरेच्या आधाराने वसवलेल्या या गावातल्या कारखान्यात आज भारतीय अंतराळ संशोधन संस्थेच्या अग्निबाणांसाठी मोटर केसिंग, म्हणजे घन इंधन ज्यात भरले जाते ते पोलादी कवच, तयार होते, आणि ते तयार करणारी माणसे संध्याकाळी डबा हलवत घरी येतात, वाटेत कोथिंबीर घेतात, बांधावरून भांडतात आणि रविवारी लग्नाला हजर राहतात. त्यामुळे विज्ञान म्हणजे काय याविषयी परिसराचा समज पक्का आणि लोखंडी आहे. "ती पोरं रॉकेटचा डबा करत्यात, तो वर जातो, टीव्हीवर दिसतो," असे सांगून आत्या पुढे विचारते, "तू काय करतूस?" "रॉकेट कोणी, कुठे, कोणत्या नियमाने सोडावे यावर देशांमध्ये चर्चा होते, त्या चर्चेचा मी अभ्यास करतो." "म्हंजी रॉकेट करत न्हाईस." "नाही." "सोडत बी न्हाईस." "नाही." "बघत तरी असशील?" या तिसऱ्या प्रश्नाला संशोधक बहुधा होकार देतो, कारण पूर्ण नकार दिल्यास जेवण उशिरा मिळण्याचा संभव असतो.

या संशोधकाची जडणघडण साधारणपणे अशी होते. बारामतीच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राची पदवी, पुण्यात त्याच विषयाची पदव्युत्तर पदवी, आणि प्रयोगशाळेत उपकरण बिघडवण्याचे कौशल्य सिद्ध झाल्यावर एखाद्या हितचिंतक प्राध्यापकाने दिलेला सल्ला, की विज्ञान करण्यापेक्षा विज्ञानाविषयी लिहिण्यात त्याने नशीब आजमावावे. मग दिल्लीत विज्ञानधोरणाच्या अभ्यासकेंद्रात प्रबंध, आणि शक्य झाल्यास इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठात १९६६ मध्ये क्रिस्टोफर फ्रीमन यांनी सुरू केलेल्या, या शाखेची पंढरी समजल्या जाणाऱ्या केंद्राची एखादी वारी. प्रबंधानंतर नोकरी लागते असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात करार लागतो. करार म्हणजे अकरा महिन्यांनी संपणारी अशी नोकरी, जिचे पहिले तीन महिने ओळखपत्र मिळवण्यात, मधले पाच कामात आणि शेवटचे तीन पुढचा करार शोधण्यात जातात. पदाचे नाव 'सल्लागार' असते, आणि सल्लागार म्हणजे ज्याचा सल्ला फाइलला जोडतात तो, एवढी व्याख्या येथे पुरेशी आहे.

विवाहाच्या बाजारात या पदाची उलाढाल फारच मंद असते. बायोडाटामध्ये 'नोकरी' या रकान्यापुढे काय लिहावे यावर संशोधकाचे मामा, मध्यस्थ आणि स्वतः संशोधक यांच्यात झालेल्या वाटाघाटी कोणत्याही जागतिक परिषदेला लाज आणतील अशा असतात. "पर्मनंट हाय का?" "नाही, प्रकल्पावर आहे." "प्रकल्प कुठला, उजनी का वीर?" "तसला नाही, संशोधन प्रकल्प." "पेन्शन?" "नाही." "मग लिहा, 'युनोत साहेब'," असे म्हणून मध्यस्थ विषय संपवतो, आणि पुढील दोन वर्षे संशोधकाला अमेरिका, इराण, कांद्याची निर्यातबंदी आणि एका भाच्याचा नाकारला गेलेला व्हिसा अशा सर्व बाबींचा खुलासा करावा लागतो. व्हिसाबाबत तर त्याची स्वतःचीच अवस्था अशी असते की 'विकसनशील देशांचा वाढता सहभाग' या विषयावरील परिषदेसाठी त्याचा पासपोर्ट वकिलातीतून परत येतो तो परिषद संपल्याच्या दुसऱ्या दिवशी.

एवढे असूनही गाव उदार असते, आणि पहिला परदेश दौरा होताच त्याचा सत्कार ठरतो. फ्लेक्सवर अग्निबाण, अणूचे चित्र, सूक्ष्मदर्शक आणि गाय (ही आधीच्या दूध संकलन केंद्राच्या फ्लेक्सवरून राहिलेली) यांच्या मधोमध 'थोर शास्त्रज्ञ' या बिरुदाखाली संशोधकाचा पासपोर्टवरचा भेदरलेला फोटो आणि भोवती त्याच्या दुप्पट आकाराचे एकवीस मार्गदर्शक असतात. 'आधी कळस, मग पाया' ही कोटी केल्याशिवाय या गावी आलेल्या कोणत्याही पाहुण्या वक्त्याला खाली बसता आलेले नाही, आणि ऐकणाऱ्यांनीही ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसण्याची सवय लावून घेतली आहे. संशोधकाला मात्र ती कोटी मनाला लागते, कारण आधी उद्दिष्ट जाहीर करून मग त्याला पाया शोधत हिंडणे हेच त्याच्या अभ्यासविषयाचे चपखल वर्णन असते. शाल अंगावर पडताच अर्ज येऊ लागतात : एकाच्या मोबाईलला रेंज नसते, दुसऱ्याने खिशात माती आणलेली असते आणि तिच्यात काय कमी आहे ते त्याला उभ्याउभ्या हवे असते, तिसऱ्याच्या मोटरीचा स्टार्टर सारखा पडत असतो. "तुम्ही शास्त्रज्ञ ना?" या प्रश्नाला "धोरणाचा" असे उत्तर दिल्यास समोरचा माणूस माती परत खिशात घालतो, आणि त्या हालचालीत जी करुणा असते ती शब्दांत मांडणे कठीण आहे.

आता त्याच्या प्रत्यक्ष कामाकडे वळावे. आंतरराष्ट्रीय धोरणाचे काम हे मुख्यतः शब्दांचे, आणि त्यातही कंसांचे काम असते. ज्या शब्दावर देशांचे एकमत झालेले नसते तो मसुद्यात चौकटी कंसात ठेवण्याची रीत आहे; म्हणजे एका देशाला 'करावे' हवे आणि दुसऱ्याला 'करता येईल' हवे असेल, तर दोन्ही शब्द कंसांत शेजारी शेजारी उभे राहतात आणि पहाटे तीनपर्यंत एकमेकांकडे पाहत बसतात. अशा मसुद्यावर जी पूर्ण बैठकीत न बसता छोट्या खोलीत बसते ती अनौपचारिक बैठक, आणि जी त्या खोलीतही न बसता जिन्याखाली उभी राहते ती अनौपचारिक-अनौपचारिक बैठक, अशी अधिकृत संज्ञा आहे. याशिवाय 'अ-कागद' नावाचा एक कागद असतो. तो छापलेला असतो, वाटलेला असतो, वाचलेला असतो, परंतु कागद नसतो, त्यामुळे त्यात लिहिलेले कोणी लिहिलेले नसते. गावाला यातले काहीच नवे वाटत नाही. सोयरिकीत हुंड्याचा विषय निघतो तेव्हा ज्यावर आकडा लिहून ती चिठ्ठी परत खिशात जाते, तो अ-कागदच असतो, आणि अनौपचारिक-अनौपचारिक बैठकीसाठी चहाची टपरी पिढ्यान्‌पिढ्या उपलब्ध आहे.

एकेका शब्दासाठी किती रक्त आटते याची उदाहरणे संशोधकाला मुखोद्गत असतात, आणि ती तो समोरच्याने मागितलेली नसतानाही देतो. नोव्हेंबर १९९५ मध्ये माद्रिद येथे आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या, म्हणजे सरकारे आणि शास्त्रज्ञ यांना एकाच खोलीत कोंडून सर्वांकडून ओळीओळीला मान्यता घेणाऱ्या संस्थेच्या बैठकीत, पृथ्वीच्या हवामानावर माणसाचा प्रभाव 'कसा' आहे हे सांगणारे विशेषण ठरेना. एकामागून एक विशेषणे आली आणि पडली, आणि अखेर ज्याचा मराठी अर्थ 'जाणवण्याजोगा' असा होईल त्या शब्दावर जगाचे एकमत झाले. १२ डिसेंबर २०१५ रोजी पॅरिसच्या हवामान परिषदेत सगळा करार तयार असताना, प्रगत देशांच्या जबाबदारीविषयीच्या कलमात जिथे 'केले पाहिजे' अशी सक्ती होती तिथे अमेरिकेला 'करावे' एवढेच हवे असल्याचे शेवटच्या घटकेस उघड झाले. सक्ती राहिली असती तर करार तिथल्या सिनेटपुढे न्यावा लागला असता आणि तिथून तो परत आला नसता. सगळे जग खोळंबून राहिले, आणि मग सचिवालयाने स्वल्पविराम वगैरेंच्या दुरुस्त्या वाचता वाचता त्याच सुरात तो शब्दही छपाईची चूक म्हणून बदलून टाकला. तलाठ्याच्या सात-बारावर नावातली वेलांटी अशीच दुरुस्त होते, फक्त तिला सहा महिने लागतात.

त्यानंतर तीन वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, पोलंडमधील काटोविसे येथे याच मंडळाने दीड अंश तापमानवाढीवर तयार केलेल्या अहवालाचे तिथल्या हवामान परिषदेने 'स्वागत करावे' की केवळ त्याची 'नोंद घ्यावी' यावर वाद पेटला. अमेरिका, सौदी अरेबिया, रशिया आणि कुवेत हे चार देश नोंद घेण्यापलीकडे जाईनात, बाकीचे स्वागतावर अडून बसले. अहवाल स्वतः मात्र पूर्वीच प्रसिद्ध झालेला होता, आणि तापमानानेही वाट पाहिल्याचे दिसत नाही. हा प्रसंग संशोधकाने घरी रंगवून सांगितला तेव्हा चुलत्यांनी भाकरी मोडता मोडता एवढेच म्हटले, "धाकट्याच्या सासरची मानसं आली की आपुन नोंद घेतो. स्वागत न्हाय करत." ज्या भेदाचे आकलन होण्यास संशोधकाला शिष्यवृत्तीची दोन वर्षे लागली, तो चुलत्यांना कालवणाचा रस्सा वाढून घेता घेता कळला होता.

याच मंडळाने अनिश्चितता मोजण्याची एक पट्टी ठरवली आहे. 'शक्य' म्हटले की ६६ टक्क्यांहून अधिक, 'फार शक्य' म्हटले की ९० टक्क्यांहून अधिक, 'जवळजवळ निश्चित' म्हणजे ९९ टक्क्यांहून अधिक, आणि 'शक्यता कमी' म्हणजे ३३ टक्क्यांपर्यंत, असे प्रत्येक शब्दामागे आकडे बांधलेले आहेत. संशोधकाने एका उन्हाळी सुटीत ही पट्टी गावच्या बोलीस लावून पाहण्याचा उद्योग केला आणि त्यातून निघालेले निष्कर्ष शास्त्राच्या दृष्टीने चिंताजनक होते. 'झालंच म्हणून समजा' या वाक्याची प्रत्यक्षात येण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या आत भरली. 'मी हाय ना' याची त्याहून कमी. 'उद्या बघू' ही तेहेतीसपर्यंत कशीबशी गेली. 'येतो की' हे वाक्य अर्ध्यावर लटकत राहिले. आणि 'काय सांगता येत न्हाय बाबा' असे ज्याने तोंड वाकडे करून म्हटले तोच माणूस ठरल्या वेळी बैलगाडी घेऊन हजर झाला. पूर्ण भरवशाचे असे एकच विधान आढळले, ते म्हणजे 'न्हाय जमायचं'. तेहेतीस टक्के या आकड्याला मात्र दोन्ही व्यवस्थांत सारखाच मान असल्याचे दिसून आले, कारण अवकाळीने पीक आडवे झाल्यावर होणाऱ्या पंचनाम्यातही नुकसान ३३ टक्क्यांच्या खाली असेल तर शासनाच्या लेखी ते झालेलेच नसते. आणि वाकलेल्या ज्वारीसमोर उभे राहून ती बत्तीस टक्के वाकली आहे की चौतीस, हे ठरवणाऱ्या भाऊसाहेबांपुढे माद्रिदच्या बैठकीतले मुत्सद्दीही हतबुद्ध झाले असते.

या परिसराचा आंतरराष्ट्रीय विज्ञानधोरणाशी खरा संबंध ढगांमुळे आला, आणि तो संशोधकाच्या जन्मापूर्वीचा आहे. सह्याद्रीने पाऊस अडवून ठेवल्यावर उरलेली हवा ज्या पट्ट्यात येते त्यास पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. छाया हा शब्द येथे केवळ काव्य आहे, सावली नावाला नसते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातल्या अकरा पावसाळ्यांत पठारावरच्या ४,८०० चौरस किलोमीटर टापूत विमानाने ढगांत शिरून मिठाची बारीक पूड सोडण्याचा प्रयोग केला. हेतू असा की मिठाच्या कणाभोवती पाणी जमावे, थेंब मोठे व्हावेत आणि ते जड होऊन खाली पडावेत. दोन भागांपैकी कोणत्या दिवशी कोणत्या भागात मीठ टाकायचे हे यदृच्छेने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने ठरवले जाई, जेणेकरून दोहोंची तुलना निःपक्षपाती व्हावी. निष्कर्ष मोठा मजेशीर निघाला : एक किलोमीटरहून अधिक जाडीच्या, पाणीदार ढगांत मीठ टाकल्यास पाऊस सुमारे २४ टक्क्यांनी वाढला, आणि पातळ ढगांत टाकल्यास ते ढग विरून जाण्याकडे कल दिसला. 'इमानानं ढग पळवला' हा दुष्काळी पट्ट्यातला जुना आरोप शहाण्यासुरत्यांनी नेहमीच हसण्यावारी नेलेला असल्याने, शास्त्राने त्याला अर्धा होकार द्यावा हे अनेकांना अवघड गेले. ज्याच्याकडे मुळात आहे त्याला अधिक मिळते आणि ज्याच्याकडे थोडे आहे त्याचे तेही जाते, हा निष्कर्ष पारावर वाचून दाखवला तेव्हा एका ज्येष्ठाने विचारले, "ह्ये ढगाचं सांगतूयास का सोसायटीच्या कर्जाचं?"

योगायोग असा की १९७६ च्या पावसाळ्यात हा प्रयोग चालू होता आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने एक करार संमत केला, ज्यान्वये शत्रुत्वाच्या हेतूने दुसऱ्या देशाचे हवामान किंवा पर्यावरण बदलण्यास बंदी घातली गेली. १९७८ मध्ये तो अमलात आला आणि भारतही त्यात सामील झाला. आपल्या विषयाचा गावाशी थेट संबंध दाखवण्याची ही एकमेव संधी असल्याने संशोधकाने या कराराचे निरूपण मोठ्या उत्साहाने केले. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत प्रथमच चमक आली. "म्हंजी दुसऱ्याचा ढग न्यायला बंदी हाय?" "शत्रुत्वाने नेला तर आहे." "आन् तसं पैल्या पास्नं कायद्यात हाय?" "१९७८ पासून." यावर बराच वेळ शांतता पसरली, पूर्वेकडे पाणी पोहोचेपर्यंत नीरा डाव्या कालव्याचे आणि खडकवासला कालव्याचे काय काय होते याचे सर्वांना एकदम स्मरण झाले असावे, आणि मग प्रश्न आला, "मग वरच्या तालुक्यावर केस लागंल का?" करार राष्ट्राराष्ट्रांमधला आहे, बारामती आणि इंदापूर ही दोन स्वतंत्र राष्ट्रे नसल्यामुळे तो येथे लागू होत नाही, असा खुलासा संशोधकाने करताच सभा उठली. जाता जाता एकाने "मग कागुद कशाला केला?" असे विचारले, परंतु तो प्रश्न संशोधकाला उद्देशून होता की न्यूयॉर्कला, हे स्पष्ट झाले नाही.

घरातल्या स्त्रियांनी या शाखेला दिलेला धक्का यापेक्षाही मोठा आहे. १९९५ मध्ये अमेरिकेने जखम बरी करण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट, म्हणजे तो शोध वापरण्याचा एकाधिकार, मिसिसिपीतल्या एका वैद्यकीय केंद्रास दिले. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवले. लढ्याचा मुद्दा असा होता की हळद लावतात हे साऱ्या देशाला ठाऊक असणे पुरेसे नव्हते. ते कुठेतरी छापलेले असावे लागत होते, आणि म्हणून १९५३ सालचा भारतीय वैद्यक नियतकालिकातला लेख व जुने ग्रंथ हुडकून काढावे लागले. संशोधकाने हे सर्व आजीला सांगितले, तेव्हा भाजीच्या विळीने कापलेल्या त्याच्या बोटावर ती हळदच दाबत होती. "छापल्यालं नसतं तर लागू पडली नसती व्हय?" एवढे विचारून तिने फडके बांधले. संशोधकाने नंतर या विषयावर 'मौखिक ज्ञानाचे प्रमाणीकरण' असा निबंध लिहिला, त्याच्या ऋणनिर्देशात तीन विद्यापीठे आली आणि आजी राहून गेली, याचे कारण तिचा ईमेल नव्हता.

अलीकडे मात्र काळ उलटा फिरला आहे. ज्या तंत्रज्ञान-हस्तांतरणावर, म्हणजे प्रगत देशांतले तंत्र इतरांच्या हाती कसे पोहोचावे या प्रश्नावर, संशोधक गेली दहा वर्षे परदेशी चर्चा करीत आहे, ते त्याला न विचारताच बारामतीला येऊन पोहोचले. तेथील कृषी विज्ञान केंद्राने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने उसाच्या शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणली. उपग्रहाची छायाचित्रे, जमिनीत रोवलेले संवेदक आणि छोटे हवामान केंद्र यांची माहिती एकत्र करून आज पाणी द्यावे की नाही, खत किती टाकावे, असा सल्ला शेतकऱ्याच्या मोबाईलवर येतो, आणि २०२५ च्या आरंभी त्या कंपनीच्या प्रमुखाने, सत्या नाडेला यांनी, त्याचा जाहीर उल्लेखही केला. ही बातमी संशोधकाला व्हिएन्नातल्या एका परिषदेत फ्रेंच माणसाकडून समजली. "बारामती तुमच्या गावाजवळच ना?" असे त्याने विचारले, आणि संशोधकाने दहा वर्षांत प्रथमच आपल्या विषयाबद्दल अज्ञान उघड न होऊ देता मान डोलावली.

असा सल्ला ज्यांच्या मोबाईलवर येतो त्यांच्यात संशोधकाचे चुलते आहेत असे येथे समजून चालू. उपग्रह म्हणतो, आज पाणी द्या. परंतु पाणी देण्यास मोटर लागते, मोटरीस थ्री-फेज लाइट लागते, लाइटची या आठवड्यात रात्रीची पाळी असते, आणि मुळात डीपी, म्हणजे शिवारातल्या पंपांना वीज देणारे रोहित्र, गेल्या गुरुवारी जळालेले असते. उपग्रहाला यातले काही दिसत नाही; तो शेकडो किलोमीटरवरून उसाच्या पानाची तहान ओळखतो आणि रोज सकाळी तीच आठवण करतो. "ह्यो माझ्या सासऱ्यावानी हाय," असे चुलते म्हणतात, "बरोबर बोलतो, पर करनार कसं ते इचारत न्हाय." सुटीवर आलेल्या संशोधकाला येथे आपल्या विद्येचा उपयोग करण्याची संधी दिसली आणि त्याने १ मे च्या ग्रामसभेत मांडण्यासाठी डीपीचा ठराव लिहावयास घेतला.

ठराव संयुक्त राष्ट्रांच्या धाटणीचा झाला हे सांगावयास नको. त्या धाटणीत संपूर्ण ठराव हे एकच वाक्य असते आणि खऱ्या मागणीच्या आधी 'स्मरण करून', 'लक्षात घेऊन', 'तीव्र चिंता व्यक्त करून' अशा पायऱ्या चढाव्या लागतात. संशोधकाने शाश्वत विकासाच्या सतरा उद्दिष्टांपैकी चारांचे स्मरण केले होते आणि डीपी पाचव्या परिच्छेदात आली होती. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी (शासनाने त्यांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे केले आहे, पण हाक तीच आहे) चष्मा वर ढकलून तो वाचला आणि लाल पेन काढले. "चिंता कोण व्यक्त करणार? सभा का तुम्ही?" "सभा." "सभेला चिंता असती तर माणसं आली असती. काढा. आणि हे 'तातडीने बदलावे' का?" "तातडी आहेच ना." "साहेब, तातडीने लिहिलं की वरचे तारीख विचारतात. 'प्राधान्याने' लिहा, त्याला तारीख नसते. आणि 'बदलावे' नको, 'बदलण्याबाबत विचार व्हावा'." पॅरिसमध्ये ज्या शब्दासाठी सगळ्या जगाला तिष्ठत बसावे लागले, तो येथे एका फुलीत बदलला गेला, आणि त्याला छपाईची चूक म्हणण्याचीही गरज पडली नाही.

ग्रामसभेच्या कामकाजाचे एक वैशिष्ट्य अभ्यासकांनी मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसे आल्याखेरीज सभा भरत नाही, याला गणपूर्ती म्हणतात. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे न आलेल्यांच्या सहकार्याने एकदा सभा मोडली की आलेल्यांना वाटेल ते एकमताने ठरवता येते. सर्व बाबींवर एकमत होईपर्यंत कशावरच एकमत नाही, या तत्त्वावर रात्रीच्या रात्री जागणाऱ्या जागतिक परिषदांना ही युक्ती अद्याप सुचलेली नाही. डीपीच्या ठरावाचे तसेच झाले : १ मे ला सभा तहकूब झाली, पुढच्या तारखेस अकरा माणसे, एक कुत्रे आणि संशोधक यांच्या उपस्थितीत ती भरली, सूचक म्हणून संशोधकाचे नाव लागले, अनुमोदक म्हणून झोपलेल्या एका ज्येष्ठाचे, आणि भाऊसाहेबांनी इतिवृत्तात लिहिले की सविस्तर चर्चेअंती ठराव सर्वानुमते मंजूर. "चर्चा कुठे झाली?" असे संशोधकाने हळूच विचारले. "तुमच्याकडं काय लिहितात?" भाऊसाहेबांनी मान वर न करता विचारले. संशोधकाने थोडे आठवून पाहिले, आणि तिकडेही हेच लिहितात असे मान्य केले.

दरम्यानच्या काळात चुलत्यांनी त्या डीपीवरच्या सगळ्या शेतकऱ्यांकडून वर्गणी गोळा केली होती, जळालेले रोहित्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेले होते, दोन दिवस तिथेच बसून दुसरे आणले होते आणि वायरमनला जेवू घालून ते चढवूनही घेतले होते; ठरावाची प्रत वरच्या कार्यालयाकडे निघाली त्याच रात्री दीड वाजता लाइट आली, मोटरीने पाणी उचलले, आणि बॅटरीच्या उजेडात बांधावर उभ्या असलेल्या संशोधकाच्या नव्या बुटांसकट उसाच्या सगळ्या सऱ्या तुंबल्या. पहाटे दारे मोडून दोघे घरी येऊन पाय धूत असताना चुलत्यांच्या मोबाईलवर उपग्रहाचा संदेश आला, की जमिनीत ओलावा पुरेसा आहे, आज पाणी देऊ नये. चुलत्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, मोबाईल कोनाड्यात ठेवला, आणि स्वागत न करता त्याची नोंद घेतली.